आईचा दात

घरखर्चाच्या वहीत आईच्या दाताला जागा का नसते? मुलांची फी, विजेचे बिल वेळेवर भरले जाते. ती मात्र दाढेत लवंग धरून दुखणे पुढच्या महिन्यावर ढकलते. याला आपण त्याग म्हणतो. परंतु वेळीच सिमेंट भरून वाचणारा दात पुढे रूट कॅनल मागतो, किंवा काढावाच लागतो. चेण्याहून मीरा रोड गाठून लोकलने मुंबई सेंट्रलला गेल्यास महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात हे उपचार खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होतात. फेऱ्या मात्र घालाव्या लागतात. म्हणजे प्रश्न केवळ पैशांचा नाही. त्या दिवशी स्वयंपाकघर कोण सांभाळणार? तिने न निवडलेला, आपण गृहीत धरलेला त्याग हा त्याग नव्हे. ती आपली सोय होय.