धनुष्याची दोरी उतरल्यावर

राज्य शासनाच्या सेवेतील बहुतेक कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूने मात्र ७५ वर्षे पूर्ण झाल्यावर आपला राजीनामा महागुरूंकडे सादर करावा, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. आकडा कोणताही असो, त्या दिवसानंतर माणसाने करायचे काय, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत येत नाही. तो नीतिशास्त्राचा आहे, आणि वाटतो त्याहून अवघड आहे.

पुण्यातील माझे एक स्नेही बँकेतील मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. ते हौशी गोल्फपटू आहेत. पुण्याचा गोल्फ क्लब १८८५ सालचा. आपल्या बीडकडे हा खेळ दिसलाच तर दूरचित्रवाणीवर. निवृत्तीनंतर ते आठवड्यातून तीन सकाळी खेळू लागले आणि वर्षभरातच अस्वस्थ झाले. "फादर," ते म्हणाले, "नोकरीत होतो तेव्हा रविवारच्या खेळाने आठवड्याचा शीण जाई, सोमवारी पुन्हा उभा राही. आता सोमवारच उरला नाही. मग हा खेळ कशासाठी?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. खेळाचे समर्थन करायचे म्हटले की सेमिनरीत शिकलेल्या माणसाला संत थॉमस अक्वायनस हटकून आठवतात. खेळकरपणाची गणना त्यांनी सद्गुणांत केली आहे आणि तेथे संत योहानाची एक जुनी कथा दिली आहे. प्रेषित योहान आपल्या शिष्यांसमवेत खेळत असलेला पाहून काही जणांना ते रुचले नाही. त्यांतील एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला लावले, पुन्हा पुन्हा सोडायला लावले, आणि विचारले की, हे असेच अखंड चालू ठेवता येईल काय? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच असते, असे योहानाने त्याला समजावले.

कथा मला प्रिय आहे. पण माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नापुढे ती अपुरी पडते. धनुष्याची दोरी सैल करायची ती उद्या पुन्हा ताणण्यासाठी. ज्या धनुष्याला पुन्हा बाण लावायचाच नाही, त्याच्या विश्रांतीला कोणता अर्थ? खेळ हा कामाचा चाकर आहे असे मानले, तर काम संपताच खेळ निरर्थक ठरतो, आणि त्याच न्यायाने काम न करणारा माणूसही निरर्थक ठरतो. खरी मेख येथे आहे. म्हाताऱ्यांना अडगळ समजणारे घर याच तर्कावर चालते, फक्त तसे उघड बोलत नाही.

ॲरिस्टॉटलची मांडणी उलट आहे: आपण उद्योग करतो तो फुरसत लाभावी म्हणून. मैत्रीचेही त्याने तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. निवृत्ती यांतील पहिल्या प्रकाराची झडती घेते. ज्याच्या ओसरीवर कालपर्यंत माणसांची रीघ होती, अशा साहेबाच्या दारी निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळीला कोण येते, ते पाहावे!

गोल्फमध्ये मला एक गोष्ट फार विचार करण्याजोगी वाटते. कच्च्या खेळाडूला तेथे ठरावीक जादा फटक्यांची सवलत असते. तिला हँडिकॅप म्हणतात. त्यामुळे हात थकलेला सत्तरीचा गृहस्थ तिशीच्या तरुणाशी बरोबरीने खेळू शकतो. ही दया नव्हे, खेळाचा नियमच आहे. शिवाय, ज्या स्पर्धेत फटके मोजतात तेथे आपला हिशेब सोबतचा खेळाडू ठेवतो, आणि त्याच्या डोळ्याआड घडलेले आपले आपण सांगायचे असते. बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूने १९२५ च्या यू. एस. ओपन स्पर्धेत, चेंडू किंचित हलला म्हणून, स्वतःच स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. इतर कोणी ते पाहिले नव्हते. त्या एका फटक्यामुळे बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक लढतीत तो हरला.

जोन्स हौशी म्हणूनच खेळत राहिला आणि १९३० साली, त्या वर्षीच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकून, वयाच्या २८व्या वर्षी स्पर्धांतून निवृत्त झाला. पुढे तो मित्रांबरोबर खेळे. १९४८ पासून मज्जारज्जूच्या विकाराने तेही संपले. १९५८ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावाने त्याला सन्माननीय नागरिकत्व दिले, तेव्हा त्याला धड चालता येत नव्हते. त्याचा खेळ पुन्हा दिसणार नाही, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. तरी ते लोटले. मी माझ्या स्नेह्यांना विचारले, तुमचे सोबती तुमच्या कर्जमंजुरीच्या सहीसाठी येतात काय? ते हसले. मग ते कशासाठी येतात, तेच तुमचे उत्तर समजा, असे मी म्हणालो.

तथापि, येथेच थांबलो तर मी अर्धेच सांगितले असे होईल. जोन्सने ऑगस्टा येथे स्थापलेल्या क्लबने पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० साली घेतला, पहिल्या स्त्रिया २०१२ साली. पिशव्या वाहणारे कॅडी मात्र तेथे कित्येक दशके कृष्णवर्णीयच असत. हँडिकॅपची समता कुंपणाच्या आतली होती.

आपल्या जिल्ह्यात तर निवृत्ती हाच कुंपणाआतला शब्द आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ज्याची कंबर गेली, तो निवृत्त झाला असे कोणी म्हणत नाही. 'औंदा घरी राहिला' म्हणतात. शासनाची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे, ६५ वर्षे झालेल्या निराधारांसाठी. ज्यांना कोणी कधी निवृत्त केले नाही, त्यांच्या वाट्याला या नावात का होईना, तो शब्द आला आहे.

हिवाळ्यात या गावांतून म्हातारी माणसे आणि नातवंडे तेवढी उरतात. परवा धारूरकडच्या एका गावात पारावर दोन वृद्ध वाघ-बकरी खेळत बसले होते. पट दगडावरच कोरलेला, बकऱ्या म्हणून चिंचोके. ज्याच्याकडे बकऱ्या होत्या त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वाघ चालवणारा प्रत्येक खेळीला आपले वाघ कोठे आहेत ते त्याला बोट धरून दाखवी. "अण्णा, ही बकरी उघडी पडली बघा. सरकवा तिला." अण्णांनी ती सरकवली. थोड्याच वेळात वाघ कोंडले गेले, आणि हरलेल्या गड्याने चिंचोके गोळा करून पुन्हा अण्णांच्या ओंजळीत ठेवले.