मग सुटलं कुठे?

माझं ऑफिस येरवड्यात आहे. याच भागात मध्यवर्ती कारागृह आहे, मनोरुग्णालय आहे आणि आळंदी रस्त्याला मोहनवाडीत मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेही मनोरुग्णालयाच्याच आवारात. गर्दच्या आहारी गेलेला माणूस यातल्या कुठल्या दारातून आत जाईल, हे बऱ्याचदा एकाच गोष्टीवर ठरतं. त्याला आधी कोणी गाठलं, घरच्यांनी की पोलिसांनी?

माझ्या हॉस्टेलमधल्या मित्राला पोलिसांनी गाठलं. खिशात ब्राऊन शुगरची एक पुडी होती. जामीन द्यायला घरचं कोणी आलं नाही, म्हणून काही आठवडे आत राहिला. त्याच्या वर्षभर आधी त्याने मला विचारलं होतं, "हॉस्पिटलात गेलो तर पोलिसांना कळवतील का रे?" मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मनावर घे, सुटेल."

कायदा मी नंतर वाचला. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ प्रमाणे हेरॉईनचं नुसतं सेवन केलं तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्यात कलम ३९ आहे. दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने उपचारासाठी सोडायची मुभा ते न्यायालयाला देतं. कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्याने स्वतःहून उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार पूर्ण केले नाहीत, तर हे संरक्षण काढून घेता येतं.

इथे मी अडकलो. हा आजार इच्छाशक्तीवरच घाला घालतो. पुन्हा पुन्हा घसरणं त्याचा भागच आहे. आणि आपण रोग्याकडून आधी इच्छाशक्तीचाच पुरावा मागतो. माझं "मनावर घे" तरी दुसरं काय होतं?

आत टाकलं की आपोआप सुटतं, असंही आपल्याला वाटतं. शरीराची सवय मोडते, पण ओढ तशीच राहते. बाहेर येऊन जुनाच डोस घेतला, तर तो झेपत नाही, श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या कैद्यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतरांच्या १२९ पट होता. यावर औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ साली ब्युप्रेनॉर्फिन द्यायला सुरुवात झाली.

माझा मित्र आता रोज ती गोळी घेतो. हे कळल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? "मग सुटलं कुठे?" माझे बाबा बारा वर्षं बीपीची गोळी घेतात, लोणचंही सोडत नाहीत. त्यांना मी हे कधी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, बाबांनी कोणाची चोरी केली नाही. खरंय. या मित्राने माझा लॅपटॉप विकला होता, फायनल इयरच्या प्रोजेक्टसकट. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही. पण चोरीचा हिशेब वेगळा, आजाराचा वेगळा. पाय मोडलेल्या चोराचं प्लास्टर आपण त्याच्या पश्चात्तापापर्यंत थांबवून ठेवत नाही. औषध दिलं म्हणून गुन्हा माफ होत नाही. उलट हिशेब द्यायला माणूस जिवंत आणि शुद्धीवर तर हवा.

मागच्या महिन्यात गुगल पेवर त्याचे दोन हजार आले. खाली लिहिलं होतं, 'लॅपटॉप, पहिला हप्ता'.