तगरचें कापड व चौथें ऋण

तेरणेच्या कांठचें तेर हें गांव महाराष्ट्रास परिचित आहे तें गोरोबाकाकांमुळें. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत हेंच गांव 'तगर' या नांवानें भेटतें. १९०१ सालीं फ्लीट यांनीं ही ओळख पटविली. धड रस्ता नसलेल्या मुलखांतून तेथील जाडेंभरडें कापड व मलमल गाड्यांनीं भडोचच्या बंदरास जाई, आणि पुढें जहाजांनीं रोमन साम्राज्यांत. आजच्या धाराशिव जिल्ह्यांतल्या कोष्ट्यानें विणलेलें वस्त्र मिसरमधील कोणा गृहिणीनें अंगावर घेतलें असेल. दोघांनीं एकमेकांचें नांवही ऐकलें नसेल. अशा अनोळखी माणसाचें आपण कांहीं देणें लागतों काय?

व्यापारी म्हणेल, मोल दिलें, देणें फिटलें. हें उत्तर हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. प्रत्येक वस्तूच्या कर्त्याशीं ओळख करून घ्यावयाची म्हटली तर वेशीबाहेर व्यापारच होणार नाहीं. तथापि शतपथ ब्राह्मणांत देव, ऋषि व पितर यांच्या ऋणांसमवेत मनुष्यांचेंही ऋण सांगितलें असून, तें अतिथीस अन्न व आसरा देऊन फेडावयाचें असतें. पण जो दारीं येतच नाहीं, त्याचें ऋण कसें फेडावें?

माझ्या बालपणीं बार्शी लाइटचा माल कुर्डुवाडीस अडीच फुटी रुळांवरील डब्यांतून उतरवून मोठ्या गाडींत चढवीत. विलंबानें अडते त्रासत. मला मात्र पोत्याखालीं वांकलेला हमाल दिसे. त्याचें ओझें परत यावें असें मी म्हणणार नाहीं. तसली हळहळ ओझें न वाहिलेल्यांनाच परवडते. २००० सालीं भारत, रशिया व इराण यांनीं ठरविलेल्या उत्तर-दक्षिण मार्गावर मुंबईंत मोहोरबंद झालेली लोखंडी पेटी जहाज, आगगाडी व मालमोटार बदलीत इराणमार्गें रशियांत जाऊं शकते. आंतील वस्तूस वाटेंत कोणाचा हात लागत नाहीं.

पेटी बंद झाली म्हणून जबाबदारीही आंत कोंडली जाते काय? २०१३ सालीं ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसें मेलीं. परदेशच्या दुकानांसाठीं तेथें कपडे शिवले जात. आदल्या दिवशीं भिंतींस तडे दिसले असतांही कामगारांस बोलावण्यांत आलें होतें. मोल तर चुकतें होतच होतें. परंतु त्या मोलाची स्वस्ताई अशा तड्यांकडे केलेल्या दुर्लक्षांतूनही आलेली होती, आणि ती घेणाऱ्याच्याच पदरांत पडत होती. त्याच वर्षीं कित्येक परदेशी कंपन्यांनीं कामगार संघटनांशीं करार करून त्या देशांतील कारखान्यांच्या तपासणीचें बंधन पत्करलें. अतिथि दारीं आला नाहीं, तेव्हां यजमानच त्याचें छप्पर पाहावयास गेला. उशिरां गेला, हें खरें.