सूज उतरली की झालं?

संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर एक माणूस फोनवर कुणाला तरी धीर देत होता : "मेंदूला सूज आलीय म्हणतात. ती उतरली की झालं." त्यातलं 'की झालं' मला अजून खुपतंय.

बीड बायपास, दुचाकी, डिकीत ठेवलेलं हेल्मेट हे सगळं संभाजीनगरकराला मी काय सांगू? मुद्दा त्यानंतरचा आहे. डोक्याला मार दोन लागतात. पहिला रस्त्यावर, क्षणात, आणि तो परत घेता येत नाही. दुसरा पुढच्या तासांत, दिवसांत आतल्या आत बसतो : रक्तस्राव, सूज, वाढता दाब, अपुरा प्राणवायू. डॉक्टरांची लढाई असते ती या दुसऱ्या माराशी.

मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या गावात नहर आणली, तेव्हा नळांतला दाब मोकळा व्हावा म्हणून वाटेत मनोरे बांधले. काही अजून उभे आहेत. कवटीला असा मनोरा नाही. मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी यांनी ती गच्च भरलेली. म्हणून कधी कधी शल्यविशारद हाडाचा तुकडाच काढून ठेवतात. 2016 मधल्या एका मोठ्या चाचणीत, औषधांना न जुमानणारा दाब असलेल्या रुग्णांत, या शस्त्रक्रियेने सहा महिन्यांतले मृत्यू 48.9 टक्क्यांवरून 26.9 वर आले. मात्र भान हरपलेल्या अवस्थेत जगत राहिलेले 2.1 वरून 8.5 टक्के झाले.

आमचे एक निवृत्त इंजिनिअर मित्र म्हणतात, "गुडघा सुजला तर गोळी घेतो ना? मग इथे चांगला तगडा डोस का देत नाहीत?" अहो, दिला की! वर्षानुवर्षं स्टिरॉइड दिलं. मग 'क्रॅश' चाचणीत 10,008 रुग्ण तपासले आणि 2004 मध्ये निकाल आला : दोन आठवड्यांत स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी 21.1 टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी 17.9. मित्र हटेनात. "मग मेंदूतल्या गाठीची सूज त्यानेच कशी उतरते?" हे मात्र खरं आहे, उतरते. तिथे चालतं ते इथे का उलटतं, याचा पुरता उलगडा झालेला नाही. एक अंदाज असा : मेंदूतल्या ज्या रक्षक पेशी दाह पेटवतात, त्याच मेलेल्या पेशींचा कचराही उपसतात. सरसकट सगळ्यांचे हात बांधले तर उपसणार कोण? 2014 मध्ये याच मारावर आजमावलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या दोन मोठ्या चाचण्याही फसल्या.

उरतात ती साधी, कंटाळवाणी कामं. उशाकडची बाजू तीस अंश वर, श्वासनळीत नळी, दाब उतरवणारं मॅनिटॉल किंवा खारं सलाइन, आणि रक्तदाबावर डोळ्यात तेल घालून नजर. वरचा रक्तदाब एकदा जरी 90 च्या खाली गेला, तरी अशा रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं होतं, हे 1993 पासून माहीत आहे. तेव्हा कन्नड-सिल्लोडसारख्या तालुक्यांतून येणाऱ्या जखमीचा उपचार अँब्युलन्समध्येच सुरू व्हायला हवा, असं म्हणून मी थांबणार होतो.

पण मग त्या 'की झालं'चं काय? काहींच्या मेंदूत या रक्षक पेशी वर्षानुवर्षं चेतलेल्या राहतात, हे स्कॅनमध्ये दिसलंय. मूळची सूज तर कधीच उतरलेली असते. माणूस घरी येतो, चालतो, जेवतो. मग मिक्सरच्या आवाजाने चिडतो, कालचं विसरतो, हिशेबात अडकतो. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. डिस्चार्ज कार्डावर यासाठी रकाना नसतो. केंद्राच्या 2025 च्या कॅशलेस योजनेतही अपघातग्रस्ताला उपचार मिळतात ते दीड लाखापर्यंत आणि सात दिवसांपुरते. म्हणजे सरकारचंही त्या फोनवाल्यासारखंच.

सूज उतरवणारं औषध लवकर सापडावं, असं लिहायला मी बसलो होतो. आता मागणं वेगळं आहे. सहा महिन्यांनी स्मरणशक्ती, बोलणं, वागणं यांची एक तपासणी, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ती करणारा माणूस. मित्रांना हे फारच किरकोळ वाटलं. ते अजून तगड्या डोसाच्या शोधात आहेत.