विणलेली भेट

गेल्या पौषात आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. सौभाग्यवतींनी दोन महिने खपून आपल्या भाच्याला लोकरीचा स्वेटर विणून पाठविला होता. भाचा भेटीस आला, तो बाजारचे जाकीट घालून! त्या काही बोलल्या नाहीत. पण खट्टू झाल्या, हे उघड होते.

दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा हक्क कितपत उरतो? इमर्सनने 1844 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात विकतच्या भेटीला कमी लेखून, देणाऱ्याचा अंश जीत आहे तीच भेट खरी मानली. मत सुंदर आहे. परंतु अडचण नेमकी तेथेच आहे. विकतचे जाकीट कपाटात पडून राहिले, तर कोणाचे काही बिघडत नाही. स्वेटरात मात्र सुलट-उलट टाक्यांच्या ओळींमागून ओळींत देणाऱ्याचे दिवस गुंतलेले असतात. तो न घालणे हा माणसाचाच अव्हेर वाटतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला परतफेडीची अपेक्षा वर्ज्य आहे. मग 'त्याने तो घालावा' ही इच्छा परतफेडीचीच नव्हे काय? मला वाटते, होय. तथापि ती इच्छा जिला शिवतच नाही, तिने कोणा एकाचे अंग डोळ्यांपुढे आणून विणले असेल, हेही मला खरे वाटत नाही.

निघताना भाच्याने संकोचत सांगितले, की स्वेटर खांद्यात आवळतो. मावशीने त्याच रात्री तो उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते. लडी भिजवून, खाली वजन बांधून वाळविली म्हणजे सरळ होते. ती वाळेपर्यंत भाच्याला थांबवून घेतले होते, माप घ्यावयास.