रयत, सभासद, लाभार्थी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलला राजकारणाचे विद्यापीठ म्हणतात. घाटगे, मंडलिक, मुश्रीफ ही नावे घेतली की तालुक्यातल्या भांडणाचा नकाशा समोर येतो. पक्ष बदलतात, युत्या फिरतात, गट मात्र टिकतात. बाहेरचा माणूस याला व्यक्तिपूजा म्हणून मोकळा होतो. पण पारावरचा वाद नीट ऐकला तर त्याच्या तळाशी एकच प्रश्न सापडतो. आपल्याला जे मिळते, ते कोणत्या नात्याने मिळते? सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर चारदा बदलले.

पहिले उत्तर दरबारचे. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या रिक्त जागांपैकी निम्म्या मागासलेल्यांसाठी राखल्या. त्या मागासलेल्यांत मराठेही होते. 1920 मध्ये माणगावला, तेव्हाच्या कागल जहागिरीत, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विचार काळाच्या फार पुढचा होता. पण देणारा राजा होता आणि घेणारी रयत.

दुसरे उत्तर कायद्याचे. 1948 चा कूळकायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला जमिनीवर हक्क दिला, निदान कागदावर. दुसऱ्याचे रान कसताना घराच्या वाट्याला काय येते, हे कागलच्याच आनंद यादवांनी 'झोंबी'त लिहून ठेवले आहे.

तिसरे उत्तर सहकाराचे, आणि आजचे कागल घडले ते इथे. बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, विक्रमसिंह घाटगे यांचा छत्रपती शाहू, सदाशिवराव मंडलिक यांचा हमीदवाड्याचा कारखाना आणि जोडीला 'गोकुळ' दूध संघ. शेअर घेतलेला शेतकरी सभासद झाला. दहा एकरवाला असो की वीस गुंठेवाला, मत एकच. वार्षिक सभेत उभे राहून ताळेबंदावर प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला मिळाला. पण ऊसतोड वेळेवर येणे, पोराला नोकरी लागणे, जिल्हा बँकेचे कर्ज मिळणे हे सारे संचालकांच्या हाती आल्याने त्याच सभासदाला कुठल्या तरी गटात नाव लावावे लागले. कागलच्या गटांना बळ आले ते यातून.

चौथे उत्तर बाजाराचे. 1998 मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला आणि खासगी कारखान्यांची वाट रुंदावली. बेलेवाडी काळम्मा येथील संताजी घोरपडे कारखाना कंपनी म्हणून उभा राहिला. कंपनीच्या दारात शेतकरी ऊस पुरवणारा, एवढेच नाते. मग भांडण दराचे झाले. राजू शेट्टींची संघटना, ऊस परिषदा, 2009 पासूनची एफआरपी (उसाचा किमान दर) ही त्याच भांडणाची रूपे. दरम्यान वाटण्या होऊन रान गुंठ्यांवर आले आणि पोरे पंचतारांकित एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागली. एकेकाळी उसाच्या जोरावर निश्चिंत असलेली मराठा घरे आज आरक्षण मागतात, यामागे हा हिशेब आहे. दूधगंगेचे पाणी सुळकूडहून इचलकरंजीला नेण्यावरून पेटलेला वादही तसाच. नदी पुरेल असा भरवसा कुणालाच उरलेला नाही, ना बागायतदाराला, ना यंत्रमाग कामगाराला.

पाचवे उत्तर आत्ताचे, लाभार्थ्याचे. निराधार पेन्शन, किसान सन्मान, 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 रुपये. याची नुसती टिंगल करणे सोपे आहे. पण सातबारा पुरुषाच्या नावावर, म्हणून बहुतेक घरांत शेअरही त्याच्याच नावावर. सहकाराने बाईला सभासद केले ते अपवादानेच. तिच्या स्वतःच्या खात्यात दरमहा पैसे येणे ही लहान गोष्ट नाही.

तरी एक फरक उरतोच. लाभार्थ्याला आभार मानता येतात. हिशेब मागता येतो तो सभासदाला. शाहू महाराजांच्या हुकुमापासून पुढची सारी धडपड देणाऱ्याच्या मर्जीतून सुटण्याची होती. आज फलकांवर देणाऱ्याचा फोटो मोठा होत चालला आहे, म्हणजे आपण पुन्हा रयतेच्या जागी सरकत आहोत. योजना जरूर घ्याव्यात. पण ते पैसे आपल्याच करातून आलेले आहेत हे लक्षात ठेवून, पुढच्या सभेत नेत्याला हार घालण्याआधी ताळेबंदावर एक तरी प्रश्न विचारावा.