गाठ सुटली नाही

ऑर्थोपेडिक्सच्या एका विभागात दोन निवासी डॉक्टर होते. एकाचा हात भलताच चपळ. हॉस्टेलच्या खाटेला दोऱ्या बांधून त्याने डंकन लूप, वेस्टन, एसएमसी अशा सगळ्या गाठी बोटांवर बसवल्या होत्या. (डंकन लूप मूळची गळ टाकणाऱ्यांची, सर्जनांनी ती उचलली.) दुसरा संथ. त्याला एकच गाठ यायची, आणि तीही रेंगाळत.

दुर्बिणीतून खांद्याचं ऑपरेशन करताना बोटं आत जात नाहीत. गाठ बाहेर घालायची आणि कॅन्युलाच्या नळीतून नॉट पुशरने आत न्यायची. दोऱ्याचं जे टोक ताणून धरायचं ते पोस्ट; दुसरं त्याभोवती फिरवायचं. गाठ सरकत जाऊन टेंडनवर बसली की तीन हाफ हिच, दर वेळी पोस्ट बदलून आणि वळसा उलटा देऊन. मग ती निरगाठ होते.

सरावासाठी त्यांना शिकवणाऱ्या मॅडमनी ठोकळ्यावर टेंडनऐवजी स्पंज ठेवला, दोरा सलाइनमध्ये भिजवला, हातमोजे घालायला लावले. चपळ गड्याने बघता बघता काम उरकलं.

"झाली, मॅडम. ओढून बघा."

मॅडमनी ओढली. गाठ हलली नाही. मग त्यांनी प्रोबचं वाकडं टोक दोऱ्याच्या फासात घालून अलगद उचललं. फास वर आला, स्पंज खालीच राहिला.

"गाठ घट्ट आहे रे. पण तिने धरलंय काय?"

झालं होतं एवढंच, की पहिला हाफ हिच टाकायच्या घाईत त्याने पोस्टवरचा ताण क्षणभर सोडला होता. गाठ केसभर मागे आली, आणि नंतरच्या तिन्ही हिचनी तो ढिलेपणाच पक्का करून टाकला. नवशिके गाठ ओढून बघतात, फास उचलून बघायचं त्यांना सुचत नाही.

संथ गड्याने आधी रिकामा पुशर खालपर्यंत नेला, धाग्यांना पीळ नाही याची खात्री केली. गाठ बसवली आणि पहिला हिच आवळेपर्यंत पोस्ट ढिलं पडू दिलं नाही. त्याला वेळ दुप्पट लागला. चपळ गडी घड्याळाकडे बघत होता. प्रोबला मात्र फासात शिरायला जागा मिळाली नाही.

पुढच्या ऑपरेशनला मॅडमनी पुशर संथ गड्याच्या हाती दिला.

शिवलेला टेंडन हाडाला धरायला साधारण तीन महिने लागतात. तोवर त्याला हाडाशी दाबून ठेवायचं काम फासाचं असतं.